मागे राहणाऱ्यांचे कागद

मृत्युपत्राचा विषय काढला की आमच्या वस्तीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गुरुजी, आमच्याकडं हायच काय लिहून ठेवायला?" या प्रश्नात विनय कमी आणि इतिहास जास्त आहे. ज्या समाजव्यवस्थेने शूद्राला धनसंचयच नाकारला, जिने गावकीच्या बदल्यात शिळ्या भाकरीला 'हक्क' म्हणायला शिकवले, तिच्या तळाशी राहिलेल्या माणसाला वारसा हा शब्द परका वाटला तर नवल नाही. वारसा म्हणजे वाडे, दागिने आणि पेढ्या असणाऱ्यांचा विषय, असे आपण धरून चालतो.

मी वकील नाही. सोलापुरात शिक्षकी करता करता लोकांचे अर्ज लिहून देत आलो, आणि त्यातले निम्मे अर्ज कुणीतरी मेल्यानंतरचे असतात. त्यावरून माझे मत असे बनले आहे की, मिळकत जितकी लहान तितकी कागदाची गरज मोठी. पन्नास एकरांचे भांडण कोर्टात जाते, दीड खोलीचे जात नाही. वकिलाची फी खोलीच्या किमतीशी भिडते. मग जो दांडगा तो मालक होतो आणि विधवा सून लेकरे घेऊन माहेरचा रस्ता धरते. याला आपण घरगुती मामला म्हणतो. मला हा समतेचा प्रश्न वाटतो.

आणि आता आपल्याकडे काहीच नाही, हेही खरे राहिलेले नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे थांबले, पण त्यांतल्या कामगारांच्या फंडातून आणि ग्रॅच्युइटीतून कित्येकांची घरे उभी राहिली. कुंभारीच्या माळावर २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाने बिडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे झाली. खेड्यात वतनाचा तुकडा आहे. शिकलेल्यांचा विमा आहे, पेन्शन आहे.

काहीच लिहून ठेवले नाही तर काय होते, ते आधी पाहू. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. आपण बौद्ध, मग हिंदूंचा कायदा आपल्याला कसा, असे तरुण कार्यकर्ते तावातावाने विचारतात. या कायद्यानेच आपल्या कक्षेत बौद्ध, जैन आणि शीख यांना घेतले आहे. ज्या हिंदू कोड बिलाच्या कोंडीमुळे बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचेच हे पुढे तुकड्यातुकड्यांनी झालेले रूप. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. आई, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल तर पाच वाटे. लग्न झालेल्या मुलीचाही पूर्ण पाचवा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी भागीदार आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने ठरले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले.

बाईच्या मिळकतीचा क्रम मात्र निराळा आहे, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. बिडी वळून, हप्ते फेडून एखाद्या बाईने घर केले. तिला मूलबाळ नाही, नवराही गेलेला. ती काही न लिहिता गेली तर ते घर तिच्या म्हाताऱ्या आईला मिळत नाही. आईच्या आधी नवऱ्याचे वारस उभे असतात : दीर, पुतणे, ज्यांनी तिला कधी घोटभर पाणी विचारले नसेल तेसुद्धा. यावर आज तरी एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे तिचे स्वतःचे मृत्युपत्र.

तो कागद अवघड नाही. माणूस अठरा वर्षांचा आणि शुद्धीवर असला पाहिजे. साधा कागद चालतो, स्टँपची गरज नाही. सही येत नसेल तर अंगठा चालतो. पण मग मजकूर वाचून दाखवला आणि तो समजला, असे वाक्य खाली हवे. अट एकच, आणि तिच्यातच बहुतेक कागद पडतात : दोन साक्षीदारांच्या देखत सही व्हावी आणि त्यांनी त्याच्यासमोर आपली सही करावी. आपल्याकडे साक्षीला वस्तीतला सगळ्यांत वडीलधारा माणूस बोलावतात. मान म्हणून ते ठीक. पण वाद झाल्यास साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात उभे राहून सांगावे लागते, म्हणून साक्षीदार आपल्याहून वयाने लहान निवडावेत. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीला घेऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी दुय्यम निबंधकाकडे जायचा आग्रह धरतो, कारण गरिबाच्या अंगठ्यावर संशय घेणे सोपे असते. मुंबईतल्या मिळकतीसाठी प्रोबेटची जी सक्ती होती, ती सोलापूरच्या घराजमिनीला नव्हती. त्या ऐकीव धास्तीने कुणी थांबू नये. मन बदलले तर नवा कागद करता येतो. शेवटचा खरा.

घराचे वर्णन करताना मात्र सांभाळावे. घरपट्टीची पावती दाखवून लोक म्हणतात, हा मालकीचा कागद. घरपट्टी ही कराची नोंद आहे. शहरात मालमत्ता पत्रक, खेड्यात सातबारा, घरकुलाला वाटपाचा कागद आणि त्यातल्या अटी, हे पाहून नंबर आणि चतुःसीमा लिहाव्यात. आणि जे आपले आहे तेवढेच देता येते. सामाईक मिळकतीत फक्त आपला वाटा.

नॉमिनीविषयी तर शिकलेल्यांचाही घोटाळा आहे. पासबुकावर थोरल्याचे नाव घातले म्हणजे पैसा थोरल्याचा, असे प्राध्यापक मंडळीही सांगताना मी ऐकतो. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसा कुणाच्या हाती द्यावा ते नाव. तो पैसा वारसांचा असतो आणि नॉमिनी हा त्यांच्या वतीने ओंजळ धरणारा. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबतीदेवीच्या खटल्यात हेच म्हटले. विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला. आता नवरा, बायको, आईबाप किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभधारक म्हटले आहे. शेअर्सबद्दलचा निकाल डिसेंबर २०२३ चा, आणि तो खटला आपल्या भिंतीवरच्या 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून झालेला. नॉमिनेशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हे तिथे पुन्हा ठरले. प्रॉव्हिडंट फंडाचा नियम आणखी वेगळा. लग्नाआधी भाऊ किंवा बाप यांचे नाव दिले असेल तर लग्नानंतर ते नामनिर्देशन रद्द होते, आणि नवे न भरल्यामुळे कामगाराची बायको कार्यालयाच्या पायऱ्या झिजवते. बँकेतल्या रकमेसाठी वाद असेल तर कोर्टाचा उत्तराधिकार दाखला लागतो. वारस कोण हे ठरवणारा वारस दाखला आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. नगरसेवकाच्या लेटरहेडवरचे पत्र त्याची जागा घेत नाही.

आता जमीन. इथे आपला प्रश्न इतरांच्या प्रश्नाहून वेगळा होतो. महार वतनाची जमीन, दप्तरातली 'सहा-ब', ही कुणा एकाची नव्हती, ती भावकीची होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचे बिल आणले, ते या वेठीतून माणूस सोडवण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. सातबाऱ्यावर आज तिथे 'भोगवटादार वर्ग २' दिसेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. तिच्याबद्दल मृत्युपत्रात काही लिहिण्याआधी 'इतर हक्क' हा रकाना वाचावा आणि शर्त कोणती ते तहसिलात विचारून घ्यावे.

पण खरी गोम नावात आहे. सातबाऱ्यावर आजोबाचे नाव 'अमका तमका महार' असे, जातीसकट. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव कांबळे. धर्मांतरानंतर नातवाने नाव बदलले, आधार कार्डावर तिसरेच. हे तिघे एका रक्ताचे, हे सिद्ध करायचे कसे? दुसऱ्या बाजूला 'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरे : एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एका भावाचे नाव लागले, बाकीचे भाऊ 'आपलाच हाय की' म्हणून गप्प बसले, आणि बहिणींची नावे तर कधी आलीच नाहीत. दोन पिढ्यांनंतर त्या एका नावाची मुले म्हणतात, जमीन आमच्या बापाची. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, मृत्युपत्र राहू द्या, आधी वंशावळ लिहा. म्हातारी माणसे जिवंत आहेत तोवर त्यांना विचारून, मुलींच्या आणि सुनांच्या नावांसकट. नाव बदलले असेल तिथे 'ऊर्फ' लिहून जुने नावही ठेवा. ते जातीचे नाव लिहिताना हात आखडतो, हे मला ठाऊक आहे. पण जमीन त्याच नावाने बांधलेली आहे.

माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूच्या दाखल्यासह वारस नोंदीचा अर्ज द्यावा. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. ज्याचे नाव फेरफारात सुटले त्याचा हक्क सुटत नाही. फेरफार हा महसूल कुणाकडून घ्यायचा याचा कागद आहे. मात्र सुटलेले नाव पुन्हा आत आणायला जे हेलपाटे पडतात, ते मजुरी बुडवून मारावे लागतात.

मुखत्यारपत्राबद्दल थोडक्यात. शहरालगतच्या वतनी जमिनींवर ज्यांचा डोळा असतो, ते म्हाताऱ्याला गाडीत घालून नेतात आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतात. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले, आणि साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. पण ज्यात पैसे घेतल्याचा मजकूर असतो असल्या कागदांची गोष्ट वेगळी होऊ शकते. न वाचता अंगठा देऊ नये.

बक्षीसपत्र हे मृत्युपत्राच्या नेमके उलट. ते आजच लागू होते आणि मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. मुलाच्या नावे घर केले आणि सुनेने चूल वेगळी मांडली, अशी माणसे माझ्याकडे येतात. द्यायचेच असेल तर शेवटपर्यंत सांभाळण्याची अट त्याच कागदात घालावी. मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताकडे दाद मागता येते.

आणि हक्कसोड. दिवाळीला बहीण येते, तिला साडी मिळते, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिला रजिस्ट्री कचेरीत नेतात. सभेत समतेवर बोलणारे आपले कार्यकर्तेही यात मागे नाहीत. बहिणीने राजीखुशीने सोडले तर तो तिचा अधिकार. पण तिला तिच्या वाट्याची किंमत आधी सांगितली होती का, एवढे मी विचारतो. बहुतेक वेळा समोरचा विषय बदलतो.

या अंकाच्या वाचकांत लिहिणारे बरेच आहेत, म्हणून आणखी एका मिळकतीविषयी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन कोर्टाच्या ताब्यात गेले आणि पुढे महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे पेट्यांत बंद राहिले. ते छापता यावे म्हणून नागपूरच्या एका वकिलांनी उच्च न्यायालयात दावा लावला होता. वसंत मून यांनी वारसांची संमती मिळवली आणि पेट्या उघडल्या, तोवर जवळजवळ पंचवीस वर्षे गेली होती. 'रिडल्स' छापून आले १९८७ मध्ये. आपल्या कवींच्या वह्या, शाहिरांची बाडे, कार्यकर्त्यांचा पत्रव्यवहार तर पेटीतही नसतो. माणूस गेला की रद्दीत जातो. मृत्युपत्रात दोन ओळी वाढवाव्यात : वह्या कुणाच्या ताब्यात राहतील, आणि छापायची परवानगी कोण देईल. हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेल्या लेखनावरचा तो हक्क २०१६ च्या अखेरीस संपला; १९९० मध्ये गेलेल्या कवीच्या हयातीत छापलेल्या कवितांवर तो २०५० पर्यंत आहे, आणि तो कुणाकडे आहे हे पुष्कळदा त्याच्या घरातल्यांनाच माहीत नसते.