एफ कॉर्डपाशी गाडं अडतं, ते का?

गिटार घरात आली की पहिले काही आठवडे मजेत जातात. ई मायनर, जी, सी, डी बोटांखाली येतात आणि दोन-चार गाणी ओळखू येण्याइतपत वाजू लागतात. मग एफ कॉर्ड समोर येते. तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी दाबायची. त्यातल्या निम्म्या तारा नुसत्या ‘ठक्’ करतात. ‘माझी बोटंच लहान’ असा निकाल लागतो आणि गिटार कपाटावर चढते.

दोष बहुधा बोटांचा नसतो. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला, म्हणजे नटला, पहिला फ्रेट अगदी लागून असतो. तिथे तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरला तर ए मेजर वाजते आणि तुलनेने सहज वाजते. हात आधी तिथे बसवावा, मग तिसऱ्या फ्रेटवर जी, सगळ्यांत शेवटी एफ. सी स्केलच्या गाण्यांत लागते म्हणून एफ आधी शिकवली जाते, पण हाताच्या सोयीचा क्रम नेमका उलटा आहे.

वाद्यही तपासावं. बाराव्या फ्रेटवर स्टीलच्या तारा साधारण २ ते २.५ मिलिमीटर उंच असाव्यात. स्वस्त गिटारींत त्या सर्रास जास्त उंच असतात. दुकानात सेटअप करून मागायला लाजू नये. पावसाळ्यात लाकूड फुगून ही उंची आणखी वाढते, हे कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावं.

बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, किंचित अलीकडे ठेवलं की थोडक्या जोरात काम होतं. दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलं की तार खरखरते, मग माणूस आणखी दाबतो, तार ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनरवर अचूक मिळवलेली गिटारही मग बेसूर वाटते.

या सगळ्यात उजव्या हाताकडे कोणी बघत नाही. कॉर्ड बदलताना तो थांबतो, आणि तबला ऐकत वाढलेल्या घरांतही थांबतो! डावा हात उशिरा पोचला तर मोकळ्या तारा वाजू द्याव्यात, पण ठेका सोडू नये.

एक चूक तर खास आपल्याकडची. व्हिडिओत बघितलेलं ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ हे एकच स्ट्रमिंग प्रत्येक गाण्याला लावायचं. फटके सहा असले तरी मधल्या रिकाम्या जागा धरून ते आठ मात्रांचं आहे, म्हणून केरव्यात खपून जातं. भावगीतांत जागोजागी भेटणारा दादरा मात्र सहा मात्रांचा. तिथे दुसऱ्याच आवर्तनात सम हुकते आणि कॉर्ड बरोबर असूनही गाणारा गोंधळतो. अशा वेळी पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देत खाली सहा साधे फटके मारले तरी पुरे.