चॉकलेटचा कारखाना आणि डोक्यातली झडप

घरातल्या मोठ्या माणसांना आज एक कोडं घाला. मेंदूत साचलेलं पाणी हळूहळू बाहेर जाऊ देणारी एक इवलीशी झडप साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये तयार झाली. ती तिघांनी मिळून बनवली. एक होते मुलांच्या मेंदूची ऑपरेशनं करणारे डॉक्टर. दुसरे होते पंप बनवणारे इंजिनियर. मग तिसरं कोण असेल?

उत्तर ऐकून मोठ्यांच्याही भुवया वर जातील. तिसरे होते मुलांसाठी गोष्टी लिहिणारे लेखक! 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी', 'मटिल्डा', 'द बीएफजी' ही त्यांचीच पुस्तकं. तुम्ही वाचली नसतील, तर त्यांवरचे सिनेमे तरी पाहिले असतील. लेखकाचं नाव रोआल्ड डाल.

गोष्टी लिहिणारा माणूस झडपेच्या भानगडीत कसा पडला? त्यासाठी सुरुवातीपासून सगळं सांगावं लागेल. तर ऐका.

रोआल्डचा जन्म 13 सप्टेंबर 1916 चा. ब्रिटनच्या वेल्स भागात कार्डिफ शहर आहे, तिथे लँडाफमध्ये तो जन्मला. आईवडील मात्र मूळचे नॉर्वेचे. दक्षिण ध्रुवावर सगळ्यांत आधी पोहोचलेला रोआल्ड अमुंडसेन नॉर्वेचाच. त्याचंच नाव त्यांनी बाळाला ठेवलं.

रोआल्डचे वडील हॅराल्ड यांना डावा हात कोपरापासून नव्हता. लहानपणी झालेल्या अपघातानंतर तो कापावा लागला होता. आता टेबलावर बसून काट्याने आणि सुरीने जेवायचं, तर दोन हात हवेत ना? हॅराल्डनी काट्याचीच एक कड घासून घासून धारदार केली. झाली एका हाताची सोय! तोच काटा कापायचा आणि तोच घास उचलायचा. हा काटा चामड्याच्या छोट्या पाकिटात घालून ते कायम खिशात ठेवत. रोआल्ड तीन वर्षांचा असतानाच वडील वारले. पण काट्याची गोष्ट घरात राहिली आणि पुढे रोआल्डने ती आपल्या बालपणाच्या आठवणींच्या पुस्तकात लिहिली. अडचण आली की रडत न बसता वस्तूलाच नवं काम शिकवायचं, हे त्याच्या घरातच होतं.

पुढे रोआल्ड रेप्टन नावाच्या शाळेत वसतिगृहात राहू लागला. तिथली शिस्त फार कडक, छड्याही खूप. पण तिथे अधूनमधून एक भारी गोष्ट घडायची. कॅडबरी कंपनीकडून मुलांसाठी पुठ्ठ्याचे खोके यायचे. प्रत्येक खोक्यात चॉकलेटच्या बारा वड्या आणि सोबत एक कागद. वडी खायची, दहापैकी गुण द्यायचे आणि आवडली किंवा नाही आवडली तर का, तेही लिहायचं.

यात एक शास्त्रीय गंमत लपलेली आहे, बरं का! बारांपैकी अकरा वड्या नव्या असत. बारावी मात्र बाजारात आधीपासून मिळणारी, सगळ्यांच्या ओळखीची. ती कशाला? समजा, एखाद्या मुलाला गोडच फार आवडतं, म्हणून तो सगळ्यांना दहापैकी नऊ गुण देत सुटला. मग नवी वडी खरंच चांगली आहे की मुलगाच उदार आहे, हे कसं कळणार? त्याने ओळखीच्या वडीला किती गुण दिले ते बघायचं आणि त्याच्याशी ताडून पाहायचं. तुलनेसाठी ठेवलेल्या अशा नमुन्याला शास्त्रज्ञ 'कंट्रोल' म्हणतात. नवं औषध तपासतानाही हीच युक्ती वापरतात.

वड्या चाखता चाखता रोआल्डच्या मनात यायचं, की कारखान्यात कुठेतरी पांढरे कोट घातलेली माणसं नवी नवी चॉकलेटं शोधून काढत असतील. आपणही तिथे असतो तर? हा विचार त्याच्या डोक्यात तीसेक वर्षं मुरत राहिला. मग 1964 मध्ये चार्लीचं पुस्तक आलं आणि विली वाँकाचा तो अफलातून कारखाना जगभरच्या मुलांना पाहायला मिळाला.

पण त्याआधी रोआल्डच्या आयुष्यात बरंच काही घडलं. शाळा संपल्यावर तो शेल या तेल कंपनीत लागला. कंपनीने त्याला पूर्व आफ्रिकेत, दार-ए-सलामला पाठवलं. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तो ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाला. उंची साडेसहा फूट! विमानाच्या चिमुकल्या जागेत तो कसा मावत असेल, कोण जाणे. सप्टेंबर 1940 मध्ये त्याचं विमान आफ्रिकेतल्या वाळवंटात कोसळलं. कवटीला तडा गेला, नाक चेपलं, काही काळ डोळ्यांना दिसेना. बरा झाल्यावर तो पुन्हा विमानात बसला आणि ग्रीसमधल्या लढाईत उडाला.

1942 मध्ये त्याला कामासाठी अमेरिकेत वॉशिंग्टनला पाठवलं. तिथे सी. एस. फॉरेस्टर नावाचे प्रसिद्ध कादंबरीकार त्याला भेटले. फॉरेस्टरना त्याच्या अपघातावर लेख लिहायचा होता, म्हणून त्यांनी नुसती टिपणं मागितली. रोआल्डने टिपणं काढायला घेतली आणि हातून लिहून झाली ती अख्खी गोष्ट! फॉरेस्टरनी तिला हातही लावला नाही. ती तशीच मासिकात छापून आली आणि वैमानिकाचा लेखक झाला. पुढच्याच वर्षी मुलांसाठी पहिलं पुस्तक आलं, 'द ग्रेमलिन्स'. ब्रिटिश वैमानिक गमतीने म्हणत, की विमानं बिघडवणारी छोटी छोटी भुतं असतात. त्याच भुतांची ही गोष्ट. नंतर मोठ्यांसाठीही कथा आणि कादंबऱ्या झाल्या.

आता डाल इंग्लंडमधल्या ग्रेट मिसेंडन या गावात राहायला आले. घराला फळबाग होती. ते रोज झाडांवरची फळं मोठी होताना बघत आणि एके दिवशी त्यांना प्रश्न पडला. फळ वाढत वाढत एका ठिकाणी थांबतं. ते का थांबतं? आणि समजा, थांबलंच नाही तर? या प्रश्नातून 1961 मध्ये 'जेम्स अँड द जायंट पीच' हे पुस्तक आलं. त्यातलं पीच वाढत वाढत घराएवढं होतं आणि आईवडील नसलेला जेम्स त्याच्या आत शिरतो.

फळ का थांबतं, ते आपणही बघू. आंब्याचंच घ्या. मोहराच्या फुलातून बाळकैरी धरते, तेव्हा तिच्यातल्या पेशी भराभर विभागत असतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. काही आठवड्यांनी हे विभागणं मंदावतं. मग आहेत त्याच पेशी पाणी आणि साखर भरून घेऊन फुगतात. पानांनी बनवलेली साखर देठातून जेवढी येईल तेवढंच फळ वाढणार. शेवटी इथिलीन नावाचा वायू फळातच तयार होतो आणि फळ पिकायला लागतं.

शिवाय आकाराचं गणितही आडवं येतं. फळ लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी दुप्पट झालं, तर त्याचं वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं! देठ दुप्पट जाड झाला, तर त्याची ताकद मात्र चौपटच वाढते. म्हणजे घराएवढं पीच फांदीला लटकलं, तर देठ तुटणारच. आणि गोष्टीत तरी काय होतं? ते पीच शेवटी झाडावरून सुटून गडगडत समुद्रात जातं. तिथे पाचशेच्या वर सीगल पक्षी दोऱ्यांनी बांधून जेम्स ते आकाशात उचलतो. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी याचा हिशेब मांडला. एवढं पीच उचलायला खरं तर 24 लाखांहून जास्त सीगल लागतील, असं उत्तर आलं! गोष्ट वाचून गणित करावंसं वाटणं, यापेक्षा मोठी शाबासकी लेखकाला कुठली?

आता झडपेकडे येऊ.

डिसेंबर 1960. डाल कुटुंब तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होतं. डाल यांचा चार महिन्यांचा मुलगा थिओ बाबागाडीत होता. रस्ता ओलांडताना एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली. थिओच्या डोक्याला जबर मार बसला आणि त्याच्या मेंदूत पाणी साचायला लागलं.

मेंदूत पाणी कुठून आलं, असं वाटलं ना? तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या मेंदूत ते असतंच. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो. तो मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात फिरतो, मेंदूला धक्क्यांपासून जपतो आणि मग रक्तात मिसळून जातो. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर द्रव तयार होतो आणि तेवढाच निघून जातो. पण जायची वाट अडली तर? येणारा द्रव येतच राहतो, कवटीत दाब वाढतो आणि मेंदू चेपला जातो. या आजाराला हायड्रोसेफॅलस म्हणतात.

यावर उपाय म्हणून डॉक्टर एक बारीक नळी घालतात. त्या काळी जास्तीचा द्रव तिच्यातून बाहेर काढून रक्तात सोडत. नळीत झडप हवी, कारण द्रव एकाच दिशेने जायला हवा, उलटा फिरायला नको. आपल्या हृदयातही अशाच एकदिशा झडपा असतात. त्या काळच्या नळीतल्या झडपेला बारीक चिरा होत्या. मेंदूत रक्तस्राव झालेल्या मुलांमध्ये द्रवात बारीक कचरा असायचा आणि मोरीची जाळी केसांनी तुंबते तशा त्या चिरा तुंबायच्या. थिओची नळी पुन्हा पुन्हा तुंबली. तुंबली की त्याची दृष्टी जायची, जिवावर बेतायचं आणि लगेच ऑपरेशन करावं लागायचं.

तुंबणारच नाही अशी झडप का नाही करता येणार, असं डाल यांना वाटलं. डॉक्टर नसले, तरी असे प्रश्न विचारायची त्यांना सवय होती. आणि योग्य माणूस कोण, हेही त्यांना ठाऊक होतं. डाल यांना छोटी विमानं उडवायचा छंद होता आणि या छंदातले त्यांचे एक मित्र होते स्टॅन्ली वेड. वेड छोट्या विमानांची इवली इंजिनं स्वतः बनवत आणि हाय विकम गावात त्यांचा अचूक पंप बनवायचा कारखाना होता. मुलांच्या मेंदूचे सर्जन केनेथ टिल लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये होते. (या हॉस्पिटलचा गोष्टींशी आधीचाही संबंध आहे. 'पीटर पॅन' लिहिणाऱ्या जे. एम. बॅरी यांनी त्या पुस्तकाचे हक्क याच हॉस्पिटलला देऊन टाकले होते.) डाल यांनी दोघांना एकत्र आणलं. झडप कुठे आणि का तुंबते ते टिल सांगत, वेड घडवून बघत आणि डाल दोघांमध्ये दुवा होऊन सतत पाठपुरावा करत.

त्यांनी चिरा काढूनच टाकल्या. सिलिकॉन रबराच्या छोट्या नळीच्या दोन्ही टोकांना धातूची एकेक चकती बसवली. वरून द्रवाचा दाब आला की चकत्या सरकतात आणि वाट मोकळी होते. द्रव उलटा यायला लागला की चकत्या नळीच्या तोंडाशी घट्ट बसतात आणि वाट बंद! साधी, दणकट आणि तुंबायची भीती जवळपास नाहीच. तिघांच्या नावांवरून तिला वेड-डाल-टिल झडप म्हणू लागले.

आणि थिओ? झडप तयार होईपर्यंत तो इतका सुधारला, की त्याला तिची गरजच उरली नाही! पण पुढे नव्या, आणखी चांगल्या झडपा येईपर्यंत जगभरच्या काही हजार मुलांना ती बसवली गेली. तिघांनी आधीच ठरवलं होतं, की या शोधातून एक पैसाही कमवायचा नाही. त्यांनी तो कमवला नाही.

सगळ्याच दुखण्यांवर मात्र झडप बसवता येत नाही. नोव्हेंबर 1962 मध्ये थिओची मोठी बहीण ऑलिव्हिया गोवराने गेली. ती सात वर्षांची होती. गोवर तिच्या मेंदूपर्यंत पोहोचला होता आणि तेव्हा गोवरावर लसच नव्हती. हे दुःख डाल यांनी आयुष्यभर जपलं. 'द बीएफजी' हे पुस्तक त्यांनी ऑलिव्हियाला अर्पण केलं. पुढे लस मिळू लागली, तरी काही आईबाप मुलांना ती देत नव्हते. तेव्हा 1986 मध्ये डाल यांनी ऑलिव्हियाची हकीकत लिहून त्यांना कळकळीने विनवलं, की मुलांना लस द्या. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस बाळाचे नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा दीड वर्षाच्या आसपास देतात. तुमच्या कार्डावर तिची नोंद असेल, आईबाबांना दाखवायला सांगा.

डाल लिहायचे कुठे, माहीत आहे? बागेतल्या एका छोट्या खोपटात. जुन्या आरामखुर्चीत बसायचं, मांडीवर हिरव्या कापडाची फळी घ्यायची, सहा पिवळ्या पेन्सिलींना टोक काढायचं आणि पिवळ्या कागदावर लिहायचं. शेजारच्या टेबलावर चॉकलेटच्या चांदीचा एक जड गोळा असे. तरुणपणी रोज चॉकलेट खाऊन वरची चांदी गुंडाळत गुंडाळत त्यांनी तो केला होता. दुसरी वस्तू आणखी भन्नाट. ऑपरेशनमध्ये काढलेलं स्वतःच्याच खुब्याचं हाड! 23 नोव्हेंबर 1990 रोजी ते गेले. ग्रेट मिसेंडनमध्ये आज त्यांचं संग्रहालय आहे आणि त्या खोपटातल्या वस्तू तिथे पाहायला मिळतात.

काही लोक म्हणतात, विज्ञानवाल्यांनी गोष्टीबिष्टीत वेळ घालवू नये आणि गोष्टीवाल्यांना यंत्रातलं काय कळणार! डाल यांच्याकडे बघा. पीच वाढतच राहिलं तर, असं विचारणाऱ्या डोक्यानेच झडप तुंबलीच नाही तर, असं विचारलं. पहिल्या प्रश्नाची गोष्ट झाली आणि दुसऱ्याची झडप.

म्हणून एक काम करा. डाल सुचलेल्या कल्पना एका लाल वहीत टिपून ठेवत. एकदा गाडी चालवताना एक कल्पना सुचली आणि जवळ लिहायला काहीच नव्हतं. त्यांनी गाडी थांबवली, मागच्या बाजूला बसलेल्या धुळीत बोटाने एकच शब्द लिहिला आणि कल्पना वाचवली. तुम्हीही एक वही करा. रोज एक 'असं झालं तर?' तिच्यात लिहा. पाऊस खालून वर पडला तर? मुंगी मांजराएवढी झाली तर? आठवड्याने त्यातला एक प्रश्न निवडा. वहीच्या डाव्या पानावर त्याची गोष्ट लिहा. उजव्या पानावर तसं खरंच होऊ शकेल का, ते शोधून लिहा. मांजराएवढ्या मुंगीपासून सुरुवात केलीत, तर पीचच्या देठाचं गणित उपयोगी पडेल.