मेंढ्याच्या अंगात दडलेली जुळी

जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. या कोरडवाहू मुलखात धनगरांनी पिढ्यानपिढ्या काळी दख्खनी मेंढरं राखली. कळपासाठी मेंढा निवडताना जाणता धनगर त्याची उंची, छाती, पाय, चाल निरखतो. पण दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते, आणि कोणत्या मेंढ्याच्या लेकी जुळी देतील हे नजरेला कळत नाही. मेंढा स्वतः वीत नाही, त्यामुळे तो गुण त्याच्या अंगात मुका राहतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नाला हात घातला. सुंदरबनातली गारोल मेंढी अंगाने चिमुकली, पण एका वेताला दोन-तीन कोकरं देणारी. या गुणामागे सहाव्या गुणसूत्रावरचं ‘फेक-बी’ हे एकच जनुक आहे. ते दख्खनीत आणायचं होतं, गारोलचा लहानखुरा बांधा मात्र नको होता.

मेंढीच्या पेशीत ५४ गुणसूत्रं, म्हणजे २७ जोड्या. जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना जोडीदार एकमेकांना बिलगतात, काही तुकड्यांची अदलाबदल करतात, पेशीच्या मध्यावर येतात आणि विरुद्ध टोकांना ओढले जातात. एका जोडीतलं कोणतं कुठे जाईल, याचा दुसऱ्या जोडीशी संबंध नसतो. वॉल्टर सटन यांनी १९०२-०३मध्ये नाकतोड्याच्या पेशींवरून गुणसूत्रांच्या या वागण्याची मेंडेलच्या नियमांशी सांगड घातली.

फलटणला हाच हिशेब कामी आला. संकरित पिल्लाचा पुन्हा मोठ्या बांध्याच्या मेंढरांशी संकर केला, की गारोलचा वाटा सरासरीने दर पिढीला निम्मा होतो. ‘फेक-बी’सुद्धा निम्म्याच पिल्लांत उतरतं. म्हणून रक्ताचा नमुना तपासून ती पिल्लं ओळखायची आणि पुढच्या पैदाशीला तीच ठेवायची. बांधा बहुतेक इतर गुणसूत्रांवर ठरतो, त्यामुळे तो सुधारत जातो आणि जुळ्यांचं जनुक मात्र टिकतं. यातूनच ‘नारी सुवर्णा’ मेंढी घडली.

मेंढपाळाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं, की या जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांची शक्यता वाढते. मेंढ्याकडे एकच प्रत असेल, तर ती साध्या मेंढीपासून झालेल्या त्याच्या निम्म्या लेकींना मिळते. दोन्ही प्रती असलेल्या मेंढ्याच्या मात्र प्रत्येक लेकीला एक प्रत हमखास मिळते. दोन कोकरं पोसायची तर मेंढीला दूध हवं आणि दुधासाठी चारा; जामखेडसारख्या अवर्षणप्रवण भागात मेंढा घेण्याआधी तो हिशेबही मांडावाच लागतो.