एमआरआयचे चुंबक झोपत नाही

मेंदूची किंवा मणक्याची एमआरआय तपासणी लिहून दिली की तुळजापूर, उमरगा, कळंब भागातला माणूस अनेकदा सोलापूर-लातूरची गाडी धरतो. पैशांची जुळवाजुळव होते, सोबत दोन माणसे निघतात. पण त्या खोलीत काय न्यायचे नाही आणि का, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ते घराघरांत पोहोचावे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

या यंत्राचा प्राण म्हणजे त्याचे चुंबक. नेहमीच्या यंत्राची शक्ती १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट! त्यासाठी लागणारी वीज साध्या तांब्याच्या तारेतून सोडली तर तार भयंकर तापेल. म्हणून येथे अतिवाहक तार वापरतात. काही पदार्थ अतिशय थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा होतो. हा शोध १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा थंड करून लावला.

एमआरआयची तार मात्र एकट्या धातूची नसते. नायोबियम-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे अतिबारीक धागे तांब्यात बसवलेले असतात. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममुळे ते थंड राहतात आणि त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. एखादी जागा तापलीच तर वीज शेजारच्या तांब्यातून वाट काढते आणि तार जळण्यापासून वाचते. एकाने वाहायचे, दुसऱ्याने सांभाळायचे, असा हा संसार आहे.

या विषयात आपली मुंबईही मागे नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९४ साली यट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगात अतिवाहकता दाखवली. २०१६ साली तेथेच बिस्मथ हा धातूही अतिवाहक होतो हे सिद्ध झाले. त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतके तापमान गाठावे लागले.

आता मुद्द्याची गोष्ट. विरोधच नसल्याने एकदा सोडलेली वीज त्या तारेत वर्षानुवर्षे फिरत राहते. तपासणी संपली, दिवे गेले, रात्र झाली, तरी चुंबक जागेच असते. ते तातडीने बंद करायचे तर हेलियम उकळून बाहेर जाऊ द्यावा लागतो. म्हणून "मशीन बंद आहे, या आत" यावर विसंबू नका. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेला नातेवाईक तरुण यंत्राकडे ओढला गेला आणि प्राणास मुकला. मशीन बंद असल्याचे आपल्याला सांगितले होते, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे होते.

तेव्हा आयाबहिणींनो, आत जाण्यापूर्वी मंगळसूत्र, जोडवी, केसांतील व पदराच्या पिना काढून ठेवा. पुरुषांनी चाव्या, घड्याळ, मोबाईल, पट्टा, चुन्याची डबी, अडकित्ता बाहेर ठेवावा. गंडे-ताईतही उतरवा. हाडात सळई, हृदयाजवळ पेसमेकर किंवा वेल्डिंग करताना डोळ्यांत गेलेला लोखंडाचा कण असेल, तर आधी सांगा. सोबत आत जाणाऱ्यालाही हेच नियम आहेत.

न समजल्यास पुन्हा विचारा. मोठ्या दवाखान्यात विचारायला आपली माणसे बिचकतात. पण प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि येथे तर त्या एका प्रश्नावर जीव अवलंबून असतो.