डॉकिंग स्टेशनची निवड

रुळांची रुंदी जुळल्याखेरीज गाडी पुढें जात नाहीं, हें परतूरकरांस सांगणें नको. १९०० सालीं खुला झालेला आपला लोहमार्ग त्या काळीं मीटरगेज होता. मुंबईकडील माल मनमाडास उतरवून दुसऱ्या गाडींत चढवावा लागे. तेथें निदान भेद डोळ्यांस दिसे. लॅपटॉपाचें तसें नाहीं. २०१४ सालीं निघालेलें टाइप-सी पोर्ट सर्वत्र एकाच आकाराचें असतें. परंतु एक केवळ माहितीची ने-आण करतें, दुसरें चार्जिंगही घेतें, तर तिसरें बाहेरील पडद्यावर चित्रही धाडतें. पोर्टांत जो गुण नाहीं, तो साध्या अडॅप्टरानें येत नाहीं. यास्तव खरेदीपूर्वीं लॅपटॉपाची माहितीपुस्तिका वाचावी.

केवळ प्रोजेक्टर वा पेनड्राइव्ह जोडावयाचा असल्यास लहान अडॅप्टर पुरे. मोठा पडदा, कीबोर्ड, नेटवर्कची तार व चार्जर हीं नित्य एकत्र लागत असतील तरच डॉकिंग स्टेशन घ्यावें. आणि लॅपटॉपास ६५ वॅट लागत असल्यास त्यांतून तितके मिळतात कीं नाहीं, हेंही पाहावें. ही तपासणी विद्यार्थ्यांनीं स्वतः करून वडिलांचा कष्टाचा पैसा वांचवावा, अशी आमची अपेक्षा आहे.