कुत्र्यांच्या हाडांतील निरुपद्रवी गांठी व त्यांवरील शस्त्रक्रिया

बैलाचा खूर दुखावला तर गांवांतील चार जाणतीं माणसें जमतात. म्हैस आटली तर त्याची चर्चा पारावर होते. परंतु रात्रभर खळ्याची राखण करणारें कुत्रें लंगडूं लागलें तर त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक ज्या भागांत रानडुकरांचा उपद्रव आहे किंवा बिबट्या गोठ्यापर्यंत येतो, तेथें कुत्रें हा घरचाच एक गडी होय. मेंढ्या घेऊन घाटमाथ्यावरून कोंकणांत उतरणाऱ्या धनगराच्या वाड्यावर तर त्याच्यावांचून रात्र निभत नाहीं.

अशा कुत्र्याच्या पायावर किंवा बरगडीवर दगडासारखी कठीण गांठ दिसूं लागली म्हणजे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, तापलेल्या विळ्यानें डाग द्या. दुसरा म्हणतो, कॅन्सर आहे, कुत्रें गेलेंच समजा. डाग दिल्यानें हाडाच्या आंतील विकारास कांहींएक होत नाहीं, मात्र वरच्या कातडीस जखम होऊन त्यांत किडे पडतात. दुसरा सल्ला कित्येकदां खरा ठरतो, परंतु नेहमींच नव्हे. आणि जेथें तो खोटा असतो तेथें बरें होण्याजोगें जनावर हकनाक मरतें.

प्रथम वाईट बाजू सांगतों, म्हणजे वाचकांस खोटा धीर दिल्यासारखें होणार नाहीं. कुत्र्याच्या हाडांत मूळ धरणाऱ्या दुष्ट गांठींपैकीं सुमारें शेंकडा ८५ ऑस्टिओसार्कोमा या एकाच जातीच्या असतात. ती गांठ बहुधा थोराड बांध्याच्या, सात वर्षांच्या आसपासच्या कुत्र्यास होते; पुढच्या पायांत खांद्याशीं किंवा मनगटाच्या वर, आणि मागच्या पायांत गुडघ्याजवळ. ती लवकर वाढते व फार दुखते. पाय कापून टाकला तरी केवळ तेवढ्यानें अशीं कुत्रीं बहुधा चार-पांच महिन्यांपलीकडे जगत नाहींत. कारण गांठ नजरेस येईपर्यंत तिच्या पेशी फुप्फुसांत पोंचलेल्या असतात. निरुपद्रवी गांठी हिच्या मानानें विरळा. पण त्या बव्हंशीं तरुण जनावरांत होतात, म्हणजे ज्यांच्यापुढें अजून आठ-दहा वर्षांची राखणदारी शिल्लक आहे अशांत.

त्यांपैकीं पहिली ऑस्टिओकाँड्रोमा. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोंकाशीं कूर्चेचा एक थर असतो व त्याच्या योगानें हाड लांबीस वाढतें. या थरांतील कांहीं पेशी बाजूस सरून स्वतंत्रपणें वाढूं लागल्या म्हणजे हाडावर खुंटीसारखा उंचवटा येतो. त्याच्या माथ्यावर कूर्चेची टोपी असते आणि आंतील मज्जा मूळ हाडाच्या मज्जेशीं जोडलेली असते. पाय, बरगड्या, खुबा, मणके, कोठेंहि ती होते. कधीं एक, कधीं अनेक. पिल्लाची वाढ पुरी झाली, म्हणजे बहुतेक जातींत वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास, कीं गांठीची वाढहि थांबते. म्हणून माझें मत स्पष्ट आहे: जी गांठ दुखत नाहीं व चालण्यास अडथळा करीत नाहीं, तिच्यावर शस्त्र चालवूं नये. सुतळी गुंडाळून दर महिन्यास माप घ्यावें व तें भिंतीवर खडूनें लिहून ठेवावें, म्हणजे झालें.

परंतु गांठ एखाद्या शिरेला किंवा स्नायूच्या दोरीला घासूं लागली तर ती काढावीच लागते. मणक्यावरील गांठ तर आंतल्या बाजूस वाढून मज्जारज्जू दाबते. पिल्लाचीं मागचीं पावलें अडखळतात, नखें जमिनीवर घासतात, आणि दिरंगाई झाली तर मागचा भाग लुळा पडतो. येथें मणक्याची कमान कापून दाब मोकळा करणें हाच उपाय. कोणत्याहि ठिकाणची गांठ काढतांना कूर्चेची टोपी व तिच्यावरील पातळ आवरण हीं दोन्हीं बुडापासून निघालीं पाहिजेत. कूर्चेचा तुकडा मागें राहिला तर, रानांत हरळीची काशी राहावी तसा, तो पुन्हां फुटतो. वर्षानुवर्षें स्वस्थ असलेली गांठ प्रौढपणीं एकाएकीं वाढूं लागली तर ती दुष्ट झाल्याचा संशय घेऊन तत्काळ तपासणी करावी. हा विकार आनुवंशिक असावा असें मानतात. तेव्हां अशा जनावराची पैदास न करणेंच बरें.

दुसरा प्रकार हाडांतील पोकळीचा. ही दीड वर्षाच्या आंतील थोराड जातीच्या पिल्लांत, विशेषतः पुढच्या पायांत मनगटाच्या वर, आढळते. हाडाच्या आंत पाण्यासारख्या किंवा तांबूस द्रवानें भरलेली जागा तयार होते व भोंवतालचें कवच अंड्याच्या टरफलाइतकें पातळ होतें. बाहेरून सूज थोडीच. पुष्कळदां पिल्लू बांधावरून उडी मारतें, हाड कडकन् मोडतें, आणि मगच पोकळीचा पत्ता लागतो. शस्त्रवैद्य हाडास खिडकी पाडून द्रव काढतो, चमच्यासारख्या धारदार हत्यारानें आंतील अस्तर खरवडतो, आणि त्याच कुत्र्याच्या खांद्याच्या किंवा कमरेच्या हाडांतील जाळीदार भाग त्या खड्ड्यांत ठासून भरतो. परक्या वस्तूपेक्षां स्वतःचें हाड लवकर रुजतें. हाड मोडलें असल्यास पट्टी व स्क्रू बसवावे लागतात. पोकळी वाढीच्या थराला लागून असेल तर फार जपावें लागतें. तो थर दुखावला तर पाय वांकडा वाढतो.

कवटीवर किंवा जबड्यावर होणारा ऑस्टिओमा हा तिसरा प्रकार. तो हस्तिदंतासारखा घट्ट व सावकाश वाढणारा असून पूर्ण काढल्यास संपतो.

हें सर्व ओळखावें कसें? हातानें चांचपून तें कळत नाहीं, आणि चांचपूनच निकाल देणाऱ्यावर, मग तो पदवीधर कां असेना, विसंबूं नये. १८९५ सालीं राँटगेन यांनीं शोधून काढलेले क्ष-किरण येथें पहिला आधार. दोन बाजूंनीं छबी घ्यावी व छातीचीहि घ्यावी. निरुपद्रवी गांठीची कड रेखीव असते; दुष्ट गांठ हाड कुरतडते व तिची कड विसकटलेली दिसते. तरीहि हाडाला लागलेला पू किंवा बुरशी दुष्ट गांठीची हुबेहूब नक्कल करते; म्हणून पोकळ सुईनें तुकडा काढून तपासल्याशिवाय पाय कापण्याचा निर्णय घेऊं नये. तालुक्याच्या दवाखान्यांत ही सोय नसल्यास परळच्या १८८६ सालीं स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत, किंवा नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत जनावर न्यावें.

वाटेंत दुखणें कमी व्हावें म्हणून घरांतील माणसांच्या गोळ्या देण्याची चाल फार वाईट आहे. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनीं कुत्र्याच्या पोटांत व्रण पडतात व मूत्रपिंडें निकामी होतात. यांपैकीं डायक्लोफिनॅकचा जनावरांसाठीं वापर गिधाडांच्या संहारामुळें आपल्या देशांत २००६ सालींच बंद करण्यांत आला.

भूल द्यावयाची असल्यानें मोठ्या कुत्र्यास आदल्या रात्रीनंतर खाऊं घालूं नये. लहान पिल्लाविषयीं पशुवैद्यास विचारावें. घरीं आणल्यावर टांके चाटूं नयेत यासाठीं गळ्यांत पुठ्ठ्याचें नरसाळें बांधावें, आणि सहा ते आठ आठवडे दोरीवांचून सोडूं नये. राखणीच्या कुत्र्यास बांधून ठेवणें जड जातें, हें खरें. पण हाड रुजण्यापूर्वीं त्यानें एकदां डुकराचा पाठलाग केला कीं सारा खर्च पाण्यांत जातो.

काढलेली गांठ फेंकून न देतां फॉर्मालिनच्या बरणींत घालून तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरावा. उत्तर यावयास मांसाच्या गांठीपेक्षां अधिक दिवस लागतात, कारण हाड सुरीनें चिरण्याजोगें व्हावें म्हणून तें आधीं आम्लांत ठेवून मऊ करावें लागतें.