घाटावरची शंभर सीसी

बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालं की राजूरचा घाट लागतो आणि जिल्ह्याचे दोन भाग लक्षात येतात. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. रेल्वे गेली ती घाटाखालून. जलंबहून खामगावला एक फाटा फुटला, तो तिथंच थांबला. खामगाव–जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे आणि जिल्ह्याच्या मुख्यालयाला अजूनही रेल्वे नाही. राहता राहिली एसटी. ती फाट्यावर सोडते. फाट्यापासून गाव आणि गावापासून वावर हे ज्याचं त्यानं बघायचं. नोव्हेंबर 2021 पासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा तर फाट्यापर्यंतचीही सोय उरली नव्हती. दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळा भार दोन चाकांवर आला.

त्यामुळे मोटारसायकल ही चैन की गरज, हा वाद इथं घालण्यात फारसा अर्थ नाही. एकाच गाडीला दोन्ही कामं करावी लागतात. सकाळी जी दुधाचे कॅन नेते, तीच दुपारी फडक्यानं पुसून पोरगी बघायला नेतात.

हिरो होंडाची सीडी 100 आली 1985 साली, स्प्लेंडर 1994 साली. आत 97.2 सीसीचं आडवं इंजिन. त्याचं कूळ होंडाच्या 1958 सालच्या सुपर कबपर्यंत जातं. शोरूममध्ये गाडी सगळीकडे सारखीच असते, पण घाटावर आली की महिन्याभरात तिचा अवतार बदलतो. मागच्या सीटवर लोखंडी अँगल येतो, त्याला दोन्ही बाजूंना कॅनचे हूक. टाकीवर फवारणीचा पंप, मागं खताची गोणी, गोणीवर बसलेला मजूर आणि त्याच्या मांडीवर डबा. पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते की चाकच फिरेनासं होतं. काडीनं उकरत बसण्यापेक्षा कित्येक जण पुढचं मडगार्डच काढून ठेवतात. वावरात साइड स्टँड मातीत रुततो, म्हणून त्याच्याखाली चपटा दगड ठेवायचा. दगड सापडला नाही तर पायातली चप्पल. कंपनीच्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं. फाट्यावरच्या मिस्तरीला मात्र सगळं पाठ असतं. क्लच प्लेट, चैन सॉकेट, केबल, जे लागेल ते त्याच्याकडे किंवा शेजारच्या दुकानात मिळतं. या गाडीचा दबदबा आहे तो यामुळे. पारावर कुणी नवी गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती देते भाऊ?" किंमत नंतर विचारतात.

हिच्याआधी गावात राजदूत होती. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं 1960 च्या दशकात बनवायला घेतलेली ही 175 सीसीची टू-स्ट्रोक गाडी दूधवाल्यांनी अक्षरशः झिजवली. त्याच काळात, 1972 साली, फिरोदियांची लूना आली. पगारदार मास्तर आणि पोस्टमन तिच्यावर दिसू लागले. लूनावाल्याला गावानं मान दिला तो त्याच्या नोकरीमुळे. लूनाला कधी मान मिळाला असं म्हणता येणार नाही.

मान होता बुलेटला. मद्रासला 1955 मध्ये तिची जुळणी सुरू झाली, ती मुळात लष्कराच्या गरजेपोटी. गावात बुलेट म्हणजे फौजदार, नाहीतर पाटील, नाहीतर ऊस आणि राजकारण दोन्ही असलेला माणूस. जुनी बुलेट सुरू करणं हाच एक सोहळा असे. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढायचा, ॲमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, लिव्हर सोडायचा आणि मग सगळं अंग टाकून एकच किक. चुकलं तर किक उलटी यायची आणि पोटरीला प्रसाद मिळायचा. पोरं कडेला उभी राहून बघत. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. त्यामुळे दुसऱ्या कुणाला ती मागता येत नसे, आणि मागितली तरी नेता येत नसे.

आता सेल्फ आला, गिअर डावीकडे गेला आणि बुलेट हप्त्यावर मिळू लागली. जे दुर्मिळ होतं ते सोपं झालं, म्हणून मग आवाज वाढवला गेला. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस जप्त करतात, रोलरखाली चिरडतात, तरी पुढच्या वरातीत नवा सायलेन्सर हजर. नंबरप्लेटचंही तेच. '4141' हा आकडा देवनागरीत वळवून 'दादा' लिहिण्याची कला महाराष्ट्रभर चालली. उच्च सुरक्षा पाट्यांच्या सक्तीनं ती आता मोडीत निघते आहे. मला विचाराल तर बरंच झालं.

बाहेर हेच यंत्र वेगवेगळी रूपं घेतं. अमेरिकेत ते बहुतेकांसाठी रविवारचं खेळणं. रोजच्या कामाला मोटार असतेच. तिथली हार्ले डेव्हिडसन आपल्याकडे येण्याची गोष्ट तर आंब्याशी जोडलेली आहे. 2007 साली अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार उघडलं, आपण हार्लेला. लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेला आंबा तिकडे गेला. हार्लेनं पुढं 2020 मध्ये इथला कारखाना गुंडाळला, आणि 2023 मध्ये हिरोच्या हाताला धरून 440 सीसीची गाडी घेऊन परतली. युगांडात उलटं. तिथं मोटारसायकल म्हणजे बोडा-बोडा, भाड्यानं माणसं वाहणारी. आणि त्या धंद्यात बजाजच्या बॉक्सरचा मोठा वाटा आहे. बॉक्सर आपल्याकडे केव्हाच मागं पडली, तिकडे ती कुटुंबं पोसते. बुलढाणा जिल्ह्यातली कितीतरी पोरं वाळूजच्या, बजाजसारख्या कारखान्यांत कामाला आहेत. आपल्या वावरात धावणारी गाडी आणि कंपालाच्या रस्त्यावर धावणारी गाडी यांच्यात फार अंतर नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आपल्याकडे गाडीचा मुहूर्त पंचांगापेक्षा सोयाबीन ठरवतं. माल निघतो दसऱ्याच्या आगेमागे, पैसा येतो दिवाळीपर्यंत. पाऊस नीट झाला तर शोरूमसमोर झेंडूच्या माळा आणि चाकाखाली लिंबं. सोयाबीन पिवळं पडलं तर जुनीच गाडी रिंग-पिस्टन बदलून आणखी एक वर्ष. कर्जाचा हप्ता मात्र पाऊस बघत नाही. दरमहा पगार येणाऱ्याला सोसणारी ही रचना, वर्षातून एक-दोनदा पैसा बघणाऱ्या कास्तकाराच्या गळ्यात तशीच घातलेली आहे. आणि हुंडाबंदीचा कायदा 1961 चा असला तरी लग्नाच्या बैठकीत गाडीचा विषय निघतोच. 'आम्ही काही मागत नाही' असं म्हणून मॉडेलचं नाव सांगणारे वरपिते ज्यानं पाहिले नाहीत त्यानं बैठकाच कमी पाहिल्या.

जिल्ह्यातून जाणारा सगळ्यांत रुंद रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. मेहकर, सिंदखेडराजा तालुक्यांतल्या जमिनी त्यासाठी गेल्या. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्या वेगात ती असायलाही हवी, यात वाद नाही. पण पुलाखालच्या पांदण रस्त्यावर चिखलात चाक उकरणाऱ्यानं वर बघितलं तर त्याला काय वाटत असेल, याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही. पांदण रस्ते नीट झाले, संध्याकाळची एसटी वेळेवर आली, तर या जिल्ह्यातल्या निम्म्या फेऱ्या वाचतील असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट मात्र रस्त्यावर ढकलता येत नाही. गाडी घराची म्हणायची आणि किल्ली पुरुषाच्या खिशात राहायची. बचत गटाची बैठक, आशाताईंची फेरी, पोराचं लसीकरण, या सगळ्यासाठी बाईनं कुणी 'सोडून देईल' याची वाट बघायची. शहरात मुली स्कूटीवर दिसतात. खेड्यात बाई मोटारसायकल चालवत आली की अजून माना वळतात.

बुलेटची हौस असेल तर जरूर घ्या, हौसेला मोल नसतं. फक्त तिच्यासाठी घरची शंभर सीसी एक्स्चेंजला देऊ नका. नवी गाडी दारात येईल त्या दिवशी जुनीची किल्ली सुनेच्या नाहीतर मुलीच्या हातात द्या, आणि लायसन्स काढायला तिला त्याच आठवड्यात आरटीओत घेऊन जा.